एक डोळा मिटून

सोमवार, ३ मार्च
ज्या सूचनापत्रात एकही क्रियापद नाही, त्यावर शहाण्या माणसानं विश्वास कसा ठेवावा? टीव्ही भिंतीला लावायचं ब्रॅकेट आणलं. खोक्यात घडीचा कागद, त्यावर नुसती चित्रं. एक टकला गृहस्थ भिंतीला भोक पाडतोय. त्याला तोंड काढलेलं नाही, तरी खूष दिसतो. कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद बेपत्ता. वर्तमानपत्रात बातमीदारी करण्याआधी मी कॉलेजात संस्कृत शिकवत असे. असल्या वाक्याला मी पास केलं नसतं.

असो. बाबा पंधरा तारखेला आमच्याकडे कायमचे राहायला येताहेत. आई गेल्यापासून ताईकडे होते. त्यांच्या खोलीत, पलंगासमोर, टीव्ही लागलेला असला पाहिजे. सरळ, आणि मी स्वतः लावलेला. माणूस बोलावायचा नाही. बाबा जन्मभर कारखान्यात फिटर. भिंतीवर काहीही टांगलं की एक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, वाकडं आहे. कॅलेंडर, आरसा, माझा भांग, माझं अक्षर, कशालाच सूट नाही. मला 'पंडित' म्हणायचे. कौतुकानं नव्हे.

यंदा ते एक डोळा मिटतील आणि त्यांना बोलायला काही सापडणार नाही. काम तासाभराचं.

मंगळवार, ४ मार्च
भिंत पोकळ निघाली. पोकळ भिंत हा वदतोव्याघात आहे, पण इथे आपण त्याचं भाडं भरतो. दोन बाजूंना जिप्समचे तक्ते, आत उभे लाकडी खांब, बाकी हवा. हार्डवेअरवाला या खांबांना स्टड म्हणतो. त्यानं बजावलं की स्क्रू स्टडमध्येच गेला पाहिजे, तक्त्याच्या भरवशावर राहू नका. स्टड कुठे ते ठोकून कळतं म्हणे. भरीव आवाज आला की समजायचं.

संध्याकाळभर ठोकलं. नेति, नेति. सगळीकडून एकच आवाज. ही हात पुसत दारात आली आणि म्हणाली, अहो, उघडत नसतील तर उद्या या.

गुरुवार, ६ मार्च
फ्रिजवरचं लोहचुंबक भिंतीवरून फिरवलं. दोन जागी चिकटलं. तिथे तक्त्याचे खिळे, म्हणजे आत स्टड. शास्त्र ते शास्त्र!

दुपारी मोजमाप. ब्रॅकेटच्या भोकांमध्ये चाळीस सेंटिमीटर. दोन स्टडांमध्ये साठ. एक भोक स्टडवर धरलं की दुसरं हवेत. चाळीसवर जो खांब असायला हवा, तो बांधणाऱ्यानं गाळला आहे. भिंत म्हणून मध्यमपदलोपी समास बांधला आहे.

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, दोन्ही स्टडांवर आडवी फळी मारा आणि फळीवर ब्रॅकेट. मी नाकारलं. बाबा म्हणतील, पंडित, टीव्ही लावलायस की भांड्यांची मांडणी? ही म्हणाली, टीव्हीच्या मागची फळी त्यांना दिसणार कशी? मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. मग तत्त्वावरच टांगा, म्हणाली.

ताईचा फोन. बाबांसाठी टीव्ही लावतोय म्हणून सांगितलं. ती म्हणाली, अरे, कशाला एवढा खटाटोप, त्यांना आता काहीही चालतं. हल्ली भांडत नाहीत, पानात पडेल त्याला छान म्हणतात. मी म्हटलं, वयानं माणूस निवळतो. त्यावर ती काहीच बोलली नाही. नेटवर्क असेल.

शनिवार, ८ मार्च
हार्डवेअरवाल्यानं आज छत्रीसारखा प्लग दाखवला. भोकातून आत घालायचा, आत तो उघडतो आणि तक्त्याला मागून धरतो. फोटोफ्रेमला ठीक आहे, टीव्हीचं मी सांगत नाही, असंही तो म्हणाला. दुकानदारांना माल खपवण्याची उमेद राहिलेली नाही.

परीक्षा घेतली. शब्दकोशाचे जाड खंड पिशवीत भरून प्लगला टांगले. चहा घेऊन येईपर्यंत टिकले. परत आलो तेव्हा पिशवी जमिनीवर, छत्री उघडलेली, आणि छत्रीवर भिंतीचा बशीएवढा तुकडा.

प्लग निर्दोष आहे. भिंतीनं साथ दिली नाही.

रविवार, ९ मार्च
खड्ड्यावर कॅलेंडर लावलं. वाकडं लागलंय. राहू दे.

मंगळवार, ११ मार्च
तोडगा निघाला. डावी बाजू स्टडवर, उजवी छत्रीवर, दुसऱ्या जागी. अर्धं वजन स्टडनं घेतलं म्हणजे धोकाही अर्धाच. हिला गणित समजावलं. ती म्हणाली, म्हणजे अर्धाच टीव्ही पडेल?

ड्रिलचं पहिलं भोक स्टडच्या शेजारी पडलं. दुसरं स्टडच्या दुसऱ्या शेजारी. तिसऱ्याला भुसा आला. लाकडाचा भुसा बघून इतका आनंद होतो हे बाबांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

भिंत बघून ही म्हणाली, हिला कांजिण्या झाल्यात का?

गुरुवार, १३ मार्च
टीव्ही लागला!

संध्याकाळी: उजवीकडे दोन बोटं उतरल्यासारखा वाटतो. ही म्हणते वाटत नाही, आहे. माझं मत असं की जमिनीलाच उतार असावा. खात्री करायला पेन्सिल जमिनीवर ठेवली. घरंगळली नाही. पण पेन्सिल षट्कोनी होती, म्हणजे हा पुरावा ग्राह्य नाही.

शुक्रवार, १४ मार्च
वाकडा आहे. मान्य.

पण या वेळी माझ्याकडे उत्तरं आहेत. बाबा म्हणतील, वाकडं आहे. मी म्हणेन, बाबा, स्टड साठवर आहेत, ब्रॅकेट चाळीसचं आहे, बोला. ते म्हणतील, मग फळी मारायची. मी म्हणेन, फळी शोभत नाही. ते म्हणतील, पंडित, शोभा तुझ्या डोक्यात आहे, वजन भिंतीवर आहे. इथे मला उत्तर सुचत नाही, पण आयत्या वेळी सुचेल. दाढी करताना सगळा संवाद आरशासमोर म्हणून पाहिला. बाबांची वाक्यं माझ्यापेक्षा बरी जमतात.

खरं म्हणजे मी वाट बघतोय.

शनिवार, १५ मार्च
बाबा आले. ताई त्यांची बॅग, काठी आणि गोळ्यांचा डबा ठेवून लगेच परत गेली. जाताना दारातून दोनदा वळली.

बाबांना खोलीत नेलं. पलंगावर बसवलं. मी टीव्हीशेजारी उभा राहिलो, बक्षीस समारंभात उभं राहतात तसा. म्हटलं, बाबा, मीच लावला. त्यांनी पाहिलं. दोन्ही डोळे उघडे ठेवून.

छान, म्हणाले.

मी थांबलो. पुढे काही येईना. हिनं चहा आणला. एक घोट घेऊन त्यालाही छान म्हणाले. चहात साखर घालायची राहिली होती.

प्रवासानं दमले असतील.

सोमवार, १७ मार्च
खोलीत उजेड कमी पडत असावा. माझ्या टेबलावरचा दिवा नेऊन लावला. मग सहज बोलल्यासारखं विचारलं, बाबा, जरा वाकडा नाही वाटत?

म्हणाले, तू लावलास ना, मग बरोबरच असेल.

हे वाक्य ऐकायला मी शाळेत असल्यापासून टपलो होतो. आज मिळालं, तर ते घेऊन कुठे जावं ते कळेना. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो.

मंगळवार, १८ मार्च
बाबा फिरायला गेले असताना उजवीकडचा स्क्रू सैल केला. आणखी दोन बोटं. केवळ निरीक्षण म्हणून.

बातम्या देणारी बाई घसरगुंडीवर बसून बातम्या देत होती. बाबा बघत होते. छान.

ही म्हणाली, अहो, आधी सरळ होत नाही म्हणून रडत होतात, आता वाकडा करताय? मी तुमची बायको आहे हे सांगू नका कोणाला.

बुधवार, १९ मार्च
भांग उलट्या बाजूला पाडला. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली. कॅलेंडर उलटं टांगलं. मग बाबांसमोर खुर्ची घेऊन बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. माझ्या आठवणीत यापूर्वी कधी थोपटलेलं नाही.

ताईला फोन केला. विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, वर्ष होत आलं रे. मी सांगत होते, तर तू म्हणालास निवळले. आधी मलाही बरंच वाटलं होतं, घरात कटकट नाही. मग एक दिवस शंका आली, म्हणून भिंतीवरचं घड्याळ तिरकं करून ठेवलं. आठवडाभर. रोज त्यात वेळ बघायचे आणि काही बोलायचे नाहीत.

म्हणजे तीही हेच करून बसली होती. आम्ही दोघं जरा हसलो. मग कोणीच बोललं नाही. नेटवर्क व्यवस्थित होतं.

शुक्रवार, २१ मार्च
फळी मारली. हिनं एक टोक धरलं, मी एक. दोन्ही टोकं स्टडवर, मधे ब्रॅकेट. फळी दिसत नाही. हिनं काही बोलून दाखवलं नाही, हे तिचे उपकार. लेव्हलच्या पट्टीतला बुडबुडा बरोब्बर मधे. टीव्ही हलवून पाहिला, भिंतीसकट हलेल पण सुटणार नाही.

बाबांना हाक मारली. ते येऊन पलंगावर बसले. टीव्ही सुरू केला. बातम्या देणारी बाई ताठ बसली होती.

बाबांची मान मात्र उजवीकडे कलती. गेले तीन दिवस ते वाकड्या चित्राला मान लावून बघत असणार, माझ्या लक्षात आलं नाही. आता चित्र सरळ झालं, तरी मान तशीच. मी उशी सरकवून पाहिली. हातानं डोकं सरळ केलं. हात काढला की पुन्हा चार बोटं खाली. मी दारात जाऊन एक डोळा मिटून पाहिलं. वाकडं आहे, हे म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

छान दिसतं, बाबा म्हणाले.

टीव्हीचं झालं, त्याची काळजी नाही. आल्यापासून बाबांनी मला एकदाही पंडित म्हटलेलं नाही. मला भीती वाटते.