आठ थेंब

रौदा, कुवेत
गुरुवार, २४ शाबान

प्रिय बू धारी,

सलाम. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलंय आणि तुम्ही रोज गच्चीवर कबुतरं बघायला जाता, हे मला तुमच्या ड्रायव्हरने सांगितलं. त्याला रागावू नका. धारीची डब्लिनमधली नोकरी पक्की झाली म्हणून सबीकाने आमच्या गल्लीभर खजूर वाटले. पोरगा तुमचा, मिरवते माझी बायको.

चार गल्ल्या पलीकडे राहणारा मेव्हणा पत्र कसलं लिहितो, असं तुम्हाला वाटेल. "शमलानची गाडी बिघडली की डोकं?" असंही म्हणाल. दोन्ही ठीक आहेत. पण समोर येऊन बोलायला लागलो की तुम्ही पेला पुढे करता, "आधी चहा पी" म्हणता, आणि माझं बोलणं त्या चहाबरोबर पोटात जातं. दोन वर्षं हेच चाललंय.

यंदा पाऊस चांगला झाला. बाजारात फगा ढिगांनी आलाय. वाळूतली ती अळंबी बघून लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मी घरात आणू देत नाही. सबीकाला वाटतं, माझं पोट बिघडलंय.

परवा तुमचा संदेश आला. रमजान आठवड्यावर आला की सगळे सगळ्यांना पाठवतात तोच, कंदिलाचं चित्र असलेला: कळत नकळत दुखावलं असेल तर माफ करा. मीही सवयीने उत्तर टाकलं, "माफ केलं, तुम्हीही करा." टाकलं आणि लाज वाटली. चोराने सावाला माफ करावं तसलाच तो प्रकार.

म्हणून हे पत्र. लूलवाच्या पोवळ्याबद्दल आहे. आता चहा बाजूला ठेवा.

माझ्या बहिणीने ते तुमच्या हॉलमधल्या माशांच्या खाऱ्या टाकीत लावलं तेव्हा माझ्या करंगळीएवढं होतं. पाहुण्यांना ती ओळख करून द्यायची, "ही माझी सून. धारी काही लग्नाचं मनावर घेत नाही, तोवर हीच. दिवसभर पाण्यातला चुना खाते, आपलं घर बांधते आणि उलटून बोलत नाही." तुम्ही म्हणायचात, "सासूपेक्षा बरी." आजारपणात ती टाकीसमोर खुर्ची टाकून सूनबाईच्या फांद्या मोजायची. शेवटच्या महिन्यात एकतीस होत्या. ती गेल्यावर त्याच खुर्चीत बसून तुम्ही मोजायला लागलात, आणि त्या वेळी आम्ही कोणी हॉलमध्ये येत नसू.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत धारीचा पाय मोडला. शस्त्रक्रियेसाठी तुम्ही तेवीस दिवस डब्लिनला गेलात आणि घराची किल्ली माझ्या हातात दिलीत. टाकीसमोर उभं करून शिकवलंत, जणू मी पहिलीत होतो. "ही बाटली कॅल्शियमची, ही क्षारतेची. या दोघी सवती आहेत. एक आत सोडलीस की अर्धा तास थांब, मग दुसरी. एकदम सोडल्यास तर भांडून सगळ्याचा चुना करतील. आणि कधी कमी पडलंच, तर मापात दिवसाला एकाच थेंबाने चढव. तुझी जेवणातली घाई इथे नको."

मग कुपीत टाकीचं पाणी घेऊन तुम्ही औषधाचे थेंब टाकलेत. निळ्याचं पिवळं झालं ते आठव्या थेंबाला. "आठ थेंब, क्षारता जागेवर. कॅल्शियमच्या कुपीत एकवीस लागतात. रोज हे दोन आकडे मला पाठव." मी शब्द दिल्याची खूण म्हणून डोळ्यांवर हात ठेवून म्हणालो, "लूलवा माझीही बहीण होती." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच तुला सांगतोय. नाहीतर तुझ्या हाती मी कबुतरंही सोपवली नसती."

पहिले आठ दिवस मी सगळं केलं. सवतींना अर्धा अर्धा तास लांब ठेवलं.

नवव्या दिवशी पोरांचा फोन आला. सालमीच्या वाळवंटात तंबू ठोकले होते, पाऊस झाला होता, फगा वर येत होता. एक दिवसासाठी गेलो आणि तेरा दिवस राहिलो. तुम्हाला वाळवंट माहीत आहे. तिथे उद्या निघू म्हणणारा माणूस खरंच उद्या निघतो का? माशांना दाणे टाकायला यंत्र होतं, आटलेलं पाणी आपोआप भरत होतं. पोवळ्याला काय होतंय, दगडच तो, असं मी स्वतःला समजावलं. रोज सकाळी काठीने वाळू उकरता उकरता तुम्हाला आकडे पाठवत होतो. आठ, एकवीस. एकदा खरं वाटावं म्हणून सात लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ. तुम्ही इस्पितळातून दर वेळी लिहायचात, "शमलान, तुझ्या हातांना अल्लाह सलामत ठेवो."

ते हात वाळूने भरलेले असायचे. आजही ते संदेश माझ्या फोनमध्ये आहेत. मी पुसलेले नाहीत.

तुमच्या येण्याला दोन दिवस असताना मी परतलो आणि कुपी भरली. चौथ्या थेंबाला पाणी पिवळं झालं. बू धारी, सूनबाई तेरा दिवस उपाशी होती, तरी तोवर जिवंत होती. टोकं जराशी फिकी, बाकी रंग शाबूत. तेव्हाच तुम्हाला फोन केला असता तर तुम्ही शिव्या दिल्या असत्या, पण दिवसाला एक थेंब चढवून तिला वाचवलं असतं. मला मात्र तुम्ही दाराशी याल तेव्हा आठच दिसायला हवे होते. क्षारतेची बाटली निम्मी ओतली. अर्धा तास थांबलो नाही, मागोमाग दुसरी ओतली. टाकीतलं पाणी लबनसारखं पांढरं झालं. मी बाही वर करून आत हात घातला आणि ढवळत राहिलो.

सकाळी पाणी निवळलं होतं आणि तिची कातडी बुंध्यापासून सुटत होती.

तुम्ही आलात, बॅगही खाली ठेवली नाहीत. एकतीस पांढऱ्या काड्या उभ्या होत्या. तुम्ही विचारलंत, "काय झालं?" तुमचं लक्ष कोपऱ्यातल्या, टाकीच्या पाण्यात कालवायच्या मिठाच्या नव्या बालदीकडे गेलं, सील तुटलेलं होतं. तुम्ही म्हणालात, "नव्या मिठाने पाणी बदललंस?" मी मान हलवली. "दुकानातल्या रिफअतने दिलेलं?" पुन्हा हलवली.

मी फक्त मान हलवली, असंच दोन वर्षं स्वतःला सांगत आलोय. पण पत्र लिहायला बसलोच आहे तर अर्धवट कशाला लिहू? पाणी मी बदललंच नव्हतं. तुम्ही यायच्या दिवशी सकाळी त्या बालदीचं सील मी चाकूने फोडलं, दोन मापं मीठ मोरीत ओतलं आणि बालदी दारातून दिसेल अशी सरकवून ठेवली. ती तुम्हाला आपोआप दिसली नाही, बू धारी. मी दाखवली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या घरच्या बैठकीत, सोमवारच्या दिवाणियात, पंधरा माणसांसमोर तुम्ही म्हणालात, "त्या इस्कंदरियाच्या म्हाताऱ्याने समुद्राच्या नावाने खडू विकला." रिफअत दारातच उभा होता, तुमच्या मुलाची चौकशी करायला आला होता. तो एवढंच म्हणाला, "साहेब, मी तपासतो." आणि चपला घालून गेला. महिन्याभरात कोणी त्याच्याकडून मीठ घेईना, दुकानाच्या मालकाने त्याला काढून टाकलं. बावीस वर्षांची नोकरी होती. मी त्या संध्याकाळी तुमच्या शेजारी बसून भोपळ्याच्या बिया सोलत होतो.

मागच्या शुक्रवारी सबीकाला पोपट हवा म्हणून पाखरांच्या बाजारात गेलो. एका गाळ्यात पिंजऱ्यांमागून रिफअत उठला. वाळलाय. मी पळणार होतो, पण त्याने हाताला धरलं. "शमलान साहेब, बरं झालं आलात. तुमची एक वस्तू आहे." पिंजऱ्यांच्या मागे, गोणपाट टाकलेली हातभर लांबीची टाकी. आत सूनबाई. हिरवा बुंधा, जांभळी टोकं.

आजारी पडली त्या वर्षी लूलवाने तिची फांदी तोडून त्याला दिली होती. तुम्हा टाकीवाल्यांची ती रीतच, एक फांदी दुसऱ्याच्या घरी ठेवायची. ज्याचं मरेल त्याच्या दारी पहिला तुकडा परत. तुम्हाला हे आठवत असणार, पण ज्याला खडूवाला म्हटलं त्याच्याकडे तुम्ही मागायला गेला नसता.

"आता बावीस फांद्या झाल्या," तो म्हणाला. "घेऊन जा. पण माझं नाव काढू नका, साहेब. माझ्याकडची म्हटलं तर ते पाण्यात सोडणार नाहीत. बहीण तुमची होती, तुम्हीच सांभाळली म्हणा." मग गाळ्याच्या खालून त्याने एक डबा काढला. त्या खेपेचं मीठ होतं. दोन वर्षं तो ते पाण्यात कालवून तपासतोय. "दर वेळी बरोबर येतं. कुठे चुकलो तेच सापडत नाही."

त्याने सूनबाई पाण्यासकट घागरीत घालून दिली, ती मांडीवर घेऊन मी निघालो, गाडी सबीका चालवत होती. सरळ तुमच्याकडेच. तुम्ही मला छातीशी धरलं असतं. लूलवाच्या भावाने लूलवाची सून परत आणली, हे दिवाणियात वर्षभर सांगितलं असतंत. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी मी सबीकाला म्हणालो, "घरी चल."

काल पुन्हा त्याच्याकडे गेलो आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. बालदीचंही. तो स्टुलावर बसला. म्हणाला, "म्हणजे माझं मीठ चांगलं होतं?" मी हो म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं, "नक्की चांगलं होतं?" मग उठला आणि म्हणाला, "व्हा बाजूला, गिऱ्हाईक आलंय." माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही माफी मागितली नाही, तोंड नव्हतं.

तुमच्याकडेही मागत नाही. त्या कंदिलाच्या चित्रावर जे लिहिलं होतं ते माझ्यापुरतं मागे घ्या. फक्त एक करा. येत्या सोमवारी दिवाणियाचं दार उघडं ठेवा. त्याच माणसांसमोर मी सगळं सांगेन. मग मला बाहेर काढायचं असेल तर काढा. आणि त्याआधी तुम्ही स्वतः, गुडघा दुखत असला तरी, पाखरांच्या बाजारात जा. त्याला दिवाणियात तुमच्या शेजारी बसवा. सूनबाई त्याच्या हातून घरात येऊ द्या, माझ्या नव्हे. तोवर ती माझ्या घरी छोट्या टाकीत आहे; सोमवारी सकाळी मी तिला त्याच्या गाळ्यावर पोचवतोय.

तुमच्या घराची किल्ली सोबत आहे. "असू दे तुझ्याकडे, घरचाच आहेस," म्हणाला होतात.

लूलवाचा भाऊ,
शमलान

ता. क. आज सकाळी आठ थेंब. दोनदा मोजले, सबीकाला शेजारी उभं करून.