बाग हवी, असं मी कधी म्हणालो होतो?

माझ्या ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी इथे मुलाकडे मजेत आहे. सून वेळेवर औषध देते. तुझा गुडघा कसा आहे?

इथे पुढच्या आठवड्यात मतदान. महिन्यापूर्वी दुपारी एका उमेदवाराच्या प्रचारासाठी एका बाईचा फोन आला, "आजोबा, मत कुणाला, ठरलं का?" म्हटलं, "अजून नाही बुवा." तिथेच थांबायला हवं होतं, पण घरात बोलायला कुणी नव्हतं. गप्पा पार शाळेतल्या कवितांपर्यंत गेल्या. मी अडलो की तू मागून ओळ पुटपुटायचीस, तेही तुझ्या सुरात म्हणून दाखवून बसलो.

तेव्हापासून ती रोज फोन करते. समोरच्या बाजारातल्या न्हाव्यालाही करते; तो म्हणतो, ती बाई नाहीच, संगणकाचा आवाज आहे. त्याला सांगते, बाजार वाढवणार. मला सांगते, बाजार हटवून बाग करणार. मी जाब विचारला, तर गोड हसून म्हणाली, "पण तुम्हाला बागच हवी ना?"

काल दाढी करताना न्हावी म्हणाला, "काका, माझ्या दुकानावर फुलं लावताय होय?" मला हसू आलं नाही.

आज फोनवर मी गप्पच राहिलो. तेव्हा पलीकडून कुणीतरी हळूच पुटपुटलं, "ठरलं म्हण." थेट तुझ्या सुरात. आणि ताई, मी "ठरलं" म्हणून गेलो.

मला खरंच बाग हवी होती का गं? तुला ठाऊक असेल. मतदानाआधी तुझ्या अक्षरात लिहून कळव. फोन मात्र करू नकोस. तो आवाज तुझाच आहे, हे मला ओळखता यायचं नाही.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
धाकटा