जागेवर नसलेलं बारावं

३ जून २०२४, लाखांदूर
एसटीतून उतरलो अन् थेट वाचनालय गाठलं. नवा ग्रंथपाल अश्विन, म्हणजे मी, हजर! मदतीला यंत्रमानव आहे. माणसाएवढा उंच, पायांऐवजी चाकं, दोन दणकट हात, कपाळावर हिरवा दिवा. पुस्तक मागा, लगेच आणून देतो. नुसतं त्याला बघायला दिघोरीहून पोरी आल्या होत्या. जुना शिपाई श्रावण याच कामाला अर्धा तास घालवायचा. गेला एकदाचा, बरं झालं.

५ जून
श्रावणची बायको गोदावरीबाई रोज दुपारी येते, पेपर उघडून बसते. आज विचारलं, "ते अकरा पुस्तकं गावले का, सायेब?" नाही म्हटलं. त्या पुस्तकांच्या चोरीचा आळ आल्यावर नवऱ्यानं अन्न टाकलं, महिनाभरात गेला म्हणाली. मी काय करू बाप्पा?

८ जून
टेबलावर पुस्तक. त्या अकरांतलंच! यंत्रमानवानं ठेवलं, अन् ठेवण्याआधी कपाळाला लावलं. श्रावण अगदी असंच करायचा. याला कोणी शिकवलं?

१० जून
आणखी तीन आली. लिहूनच टाकतो. जानेवारीत पाहणीला मीच आलो होतो. शिपाई असेपर्यंत यंत्र मंजूर होत नव्हतं, अन् यंत्राशिवाय मला ही नोकरी नव्हती. म्हणून मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात मीच अकरा पुस्तकं कोंबली अन् अहवालात श्रावणचं नाव घातलं. कपाटाला कुलूप आहे. किल्ली माझ्याच खिशात आहे.

१४ जून
अकरा पूर्ण. सुटलो म्हटलं. तर यंत्र बोललं, श्रावणच्या आवाजात: "सायेब, एक अजून जागेवर नाही." कोणतं? हिरवा दिवा माझ्यावरच—

१५ जून, दुपार
कपाटात आहे. त्यानं उचललं— आधी कपाळाला लावलं मला— मग आत. किल्ली माझ्याच खिशात, तरी बाहेरून कुलूप. फटीतून जेमतेम उजेड.

गोदावरीबाई बाहेर बसली आहे. ओरडून सगळं कबूल केलं. म्हणाली, "तोंडी नाही. लिहून द्या."

लिहिलं. श्रावणनं काही चोरलं नाही, मी लपवलं. सही. पान फटीतून दिलं. किल्लीही दिली.

तिनं पान पदराला बांधलं. किल्ली यंत्राच्या हातात दिली. आता उघडेल—

ती त्याला म्हणाली, "सारे गावले. चाला जी, घरी."

चाकं वाजताहेत. दूर. हिरवा उजेड आता—