नमुन्यापुरता केक

३ मार्च

ही रोजनिशी मला डॉक्टरबाईंनी लिहायला लावली आहे, नाहीतर असल्या छंदांना मला वेळ नसतो. रक्तदाब वाढला. त्या म्हणाल्या, गोळी देतेच, पण रोज एका छोट्या आनंदाची नोंद करत जा. मी विचारलं, तपासणार कोण? म्हणाल्या, कुणीच नाही. जे कुणी तपासणार नाही ते लिहायचं कशाला, हे विचारणार होते. पण तेवढ्यात त्यांनी दंडाला पुन्हा पट्टा बांधला आणि दाब आणखी चढलेला निघाला.

ठीक आहे. उभी हयात कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. माझ्या नजरेखालून वाकडा बोल्ट कधी बाहेर गेला नाही. आनंदही पद्धतशीर घेईन.

आजचा आनंद: अद्याप नाही.

४ मार्च, सकाळ

वसंत आल्याचं रेडिओवर सांगितलं. खिडकी उघडून खात्री केली. समोरच्या झाडाच्या काड्यांना पोपटी टोकं फुटली आहेत. अंगणात उन्हाचा पट्टा. हवा बरी. एक पक्षी पहाटेपासून एकच सूर लावून बसला आहे, त्याला दुसरा येत नसावा.

पानं आवडली. पक्षी नाही.

६ मार्च

धाकट्या बहिणीने तिचा जुना ओव्हन पाठवला. फोनवर म्हणाली, ताई, काहीतरी भाज गं, घरात वास दरवळला की माणूस निवळतो. मी म्हटलं, मी गढूळ कधी होते? पलीकडे बराच वेळ शांतता. लाइन खराब असावी.

८ मार्च, शनिवार

पहिला केक. मधोमध खचला, कडेला करपला. पण वास! तो जिना उतरून खाली गेला, आणि खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांना वर घेऊन आला. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली म्हणून घड्याळवाले. बायको गेल्यापासून एकटेच असतात. दारात उभे राहून म्हणाले, साहेब, काही जळतंय, की हे मुद्दाम चाललंय? मला ते साहेब म्हणतात. आदराने म्हणतात असं मी धरून चालते.

एक तुकडा दिला. दोन खाल्ले. बोटं चाटली. या वयाच्या माणसाने बोटं चाटू नयेत. पाहायला वाईट वाटलं नाही.

आजचा आनंद: केक. फक्त केक.

९ मार्च

घड्याळवाल्यांची लेक जिन्यात भेटली. दुसऱ्या गावात नोकरी करते, सुट्टीला येते. म्हणाली, मावशी, तुमच्यासारखी शिस्तीची बाई वर राहते म्हणून मी तिकडे निश्चिंत असते. बाबांना साखरेचा आजार. गोड अजिबात नाही. गोळ्या आणि संध्याकाळी तळ्याला एक फेरी, एवढ्यावर गाडी चाललीय. तुम्ही नुसती नजर ठेवा. महिनाअखेरीला रक्त तपासायचंय. या खेपेला आकडा वाढला तर मी त्यांचं काही ऐकणार नाही, सरळ माझ्याकडे घेऊन जाणार. घराला कुलूप.

मी म्हटलं, निर्धास्त राहा.

कालच्या दोन तुकड्यांचं तेव्हाच सांगायला हवं होतं. ती घाईत होती. किंवा मी होते.

११ मार्च

विचार केला. खाणं वेगळं आणि नमुना तपासणं वेगळं. कारखान्यात आम्ही प्रत्येक खेपेतून काही बोल्ट काढायचो आणि मोडून बघायचो. आणि ज्याने माल केला त्यानेच तो पास करायचा नाही, हा नियम तिथे मीच लावला. म्हणजे माझा केक मी तपासून चालणार नाही. त्रयस्थ माणूस हवा. इमारतीत माझ्याशी धड बोलणारा त्रयस्थ एकच आहे.

ठराव: नमुना बोटाच्या पेराएवढा. त्याहून मोठा नाही.

१३ मार्च

त्यांना पाचला बोलावलं. नमुन्यासाठी हीच वेळ योग्य. जेवण जिरलेलं असतं, उजेड चांगला असतो. लिंबाचा केक. लेकीला दिलेल्या शब्दाची आठवण ठेवून साखर पाऊणच घातली. ते पेराएवढ्या तुकड्याकडे चष्मा वर करून बघत राहिले. म्हणाले, साहेब, हा मला आहे की खिडकीतल्या मुंगीला?

मोठा दिला. चहा झाला. माझं भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे म्हणाले. मी म्हटलं, ते मुद्दाम पुढे ठेवलंय. म्हणाले, म्हणजे तुमच्याकडे सगळं आधीच होऊन गेलेलं असतं. बोलणं फाजील आहे. अंधार पडेपर्यंत बसले होते. तुकडा बराचसा राहिला, तो कागदात बांधून घरी नेला. चवीचवीने खाणारा माणूस.

१५ मार्च, शनिवार

लेक आली होती. विचारलं, मावशी, बाबा गोड नाही ना खात? मी म्हटलं, हल्ली त्यांना केक संपवताना मी पाहिलेलं नाही.

वाक्य घरी येऊन पुन्हा तपासलं. शब्द न् शब्द खरा आहे. तरीही दोन वेळा हात धुतले.

१८ मार्च

आता साखर निम्मी. लोणी कमी केलं, पिठात कोंडा मिसळला. म्हणजे जवळजवळ औषधच झालं. त्यांनी एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, वा, दात अजून शाबूत आहेत हे कळलं. बाकीचा घरी नेतो, सावकाश खातो.

ते रोज येतात आता. पाचाच्या ठोक्याला. मी वर्तमानपत्रातल्या चुका वाचून दाखवते. ते एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगतात. तो बंद पडलेलं घड्याळ दरवर्षी आणायचा आणि दुरुस्त नका करू, नुसतं पुसून द्या म्हणायचा. का, ते मी विचारलं. ते म्हणाले, मी कधी विचारलं नाही, साहेब, तुम्ही असतात तर त्याचं घड्याळही चालू झालं असतं आणि तोही पळून गेला असता. यावर मी हसले. अचानक झालं.

आज दुपारपासून घड्याळाकडे सारखं लक्ष. ओव्हनसाठी.

२१ मार्च

जेवण गेलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. खाऊ घालणाऱ्याचं काय होतं ते म्हणीत नाही. त्यालाही होतं.

एका मुलीने विश्वासाने बाप सोपवला आणि मी त्याला चहाबरोबर आजार वाढतेय. ठराव: भाजणं बंद. लेकीला फोन करून सगळं सरळ सांगायचं. आडपडदा नको.

२२ मार्च

फोन केला. एकदा वाजला आणि ठेवला, ती जेवत असेल. तिनेच उलटा केला. मावशी, बाबा बरे आहेत ना? मी म्हटलं, बरे आहेत, तुझ्याकडे पाऊस आहे का? म्हणाली, नाही. मी म्हटलं, मग छान.

आज गाजराचा केक. बंदी सोमवारपासून. आठवड्याच्या मध्येच नियम बदलला की गोंधळ होतो.

२४ मार्च, सोमवार

बंदी लागू.

पाचला दार वाजलं. तेच. म्हणाले, आज जिन्यात वास नाही, म्हटलं साहेबांची तब्येत बरी आहे ना. चेहऱ्यावर खरोखर काळजी होती. मी बंदीबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि बिस्किटं आहेत असं बोलून गेले. बिस्किटं नव्हती. ते येरझारा घालत राहिले आणि मी भाजली.

बिस्किटं केकमध्ये मोडत नाहीत. बंदी अबाधित.

२७ मार्च

आता साखर शून्य. लोणी शून्य. माझ्याकडून होण्यासारखं सगळं केलं आहे. बहिणीला फोनवर कृती सांगितली. ती म्हणाली, ताई, याला केक नाही, फरशी म्हणतात. आणि तो माणूस हे रोज खातो? मी म्हटलं, खातो, आणि वाखाणतो. ती म्हणाली, मग एक तर तो संत आहे, नाहीतर ताई, मला वाटतं...

पुढचं मी ऐकून घेतलं नाही. दूध उतू जात होतं. म्हणजे जाऊ शकलं असतं.

नोंद राहिली: झाड आता पूर्ण हिरवं झालं आहे. पक्ष्याला दुसरा सूर सापडला. दोन्ही आम्ही खिडकीतून पाहिलं. ऐकलं. जे काय ते.

३१ मार्च

रक्ताचा रिपोर्ट आला. ते स्वतःच कागद घेऊन वर आले. आकडा चढलाय, साहेब. बराच. लेकीला कळवलंय, ती शनिवारी येते.

मी त्यांच्यापुढे बशी ठेवली होती. ती तशीच मागे ओढून घेतली. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, हे झाड असं पानापानाने भरताना मी या वर्षीच पाहिलं. एरवी या वेळेला मी तळ्यावर असतो. मी हं म्हटलं. माझं सगळं लक्ष बशीकडे होतं.

तेव्हाच म्हणायला हवं होतं, हे मी केलंय. चहा आणखी घेणार का, असं म्हटलं.

४ एप्रिल

निवेदन तयार केलं. ओव्हनपुढे उभी राहून तीनदा म्हणून पाहिलं. 'बाई गं, तुझ्या वडिलांची साखर मी वाढवली. तुला शब्द देऊन वाढवली. नमुन्याच्या नावाखाली रोज केक दिला. त्यांना त्यांच्या घरातून नेऊ नकोस. शिक्षा द्यायची तर मला दे.' आवाज शेवटच्या वाक्याला बिघडतो. तिथे खोकून वेळ मारून न्यायची.

ओव्हन बहिणीला परत करणार. हे नक्की.

५ एप्रिल, शनिवार

सकाळीच खाली गेले. लेक कपाट रिकामं करत होती. घड्याळवाले खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. मी उभ्यानेच निवेदन म्हटलं, एका दमात. खोकलेसुद्धा.

लेकीने हातातले कपडे खाली ठेवले. मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रिजचा वरचा कप्पा उघडला. सगळे तिथे होते. लिंबाचा, कोंड्याचा, गाजराचा, फरशीसुद्धा. प्रत्येक तुकडा कागदात नीट गुंडाळलेला, घड्याळाचे सुटे भाग ठेवावेत तसा. म्हणाली, मावशी, पहिला केक सोडला तर बाबांनी यातलं फारसं काही पोटात घातलं नाहीये. तुमच्यासमोर एक घास चघळायचे, बाकी इथे. टाकवत नाही म्हणतात.

मला क्षणभर इतकं हलकं वाटलं. पुढच्याच क्षणी इतका अपमान.

मग साखर कशाने वाढली, मी विचारलं. ती म्हणाली, तळ्यावर जाणं बंद आहे ना त्यांचं. महिना होत आला. रोज पाचला कुठे असता विचारलं, तर म्हणतात, वर, साहेबांकडे काम असतं.

पाच ही वेळ मी ठरवली होती. उजेड चांगला असतो म्हणून.

बाहेर येऊन त्यांना विचारलं, केक वाईट होता तर सांगितलं का नाही? मी काय खाल्लं असतं का तुम्हाला? ते नाडीतून मान वर न करता म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्ही भाजणं बंद केलं असतं. मी म्हटलं, अर्थात. नापास माल पुन्हा कोण काढतं? ते म्हणाले, तेच.

एकाच बुटाची नाडी ते एवढा वेळ बांधत होते.

मी लेकीला सांगितलं, उद्यापासून मी त्यांना तळ्यावर नेते. रोज. मी स्वतः. ती रागावली असती तर बरं झालं असतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, मावशी, तुम्ही नजर ठेवणार होतात. उन्हाळाभर तिकडे राहू देत, मग बघू.

६ एप्रिल, दुपार

आज हस्तांतर झालं. नोंद करते, सवय आहे.

लेकीच्या ताब्यात दिले: वडील, एक. प्रकृती बोलकी, साखर चढलेली, पायात फिरायचे बूट, नाड्या घट्ट. गोळ्यांची पिशवी. गाडीत मावल्या तेवढ्या कुंड्या.

माझ्या ताब्यात आले: केक, सर्व, कागदासकट.

गाडी सुटताना ते म्हणाले, साहेब, घड्याळ मागे करून घ्या. मी हो म्हटलं.

देणार: मी. घेणार: लेक. माल सोपवला तेव्हा चांगल्या स्थितीत होता, परत दिला तेव्हा नव्हता. जबाबदारी: तपासनिसाची.