सूर्यास्ताची आगाऊ कॉपी

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सौ.ला मुख्याध्यापिकेची जागा देऊ केली आहे. दुसऱ्या शहरात, रेल्वेने नऊ तास. होकार की नकार, ते सोमवारी सकाळी अकरापर्यंत कळवायचं. जेवताना तिने विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? असे सरळ प्रश्न विचारायची मला सवय आहे, उत्तर द्यायची नाही. म्हटलं, तोंडात घास असताना आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत. शनिवार-रविवार वाळवंटात जाऊ, परतीला ते जुनं गाव पाहू, निवांत बोलू. म्हणाली, नक्की बोलणार ना? म्हटलं, म्हणजे काय!

संध्याकाळी ६. रविवारच्या पुरवणीसाठी वाळवंटाचा लेख लिहून पाठवला. अजून गेलो नाही, हे खरं. पण उद्घाटनाची बातमी उद्घाटनाआधी लिहून ठेवायची, हा आमचा तीस वर्षांचा शिरस्ता. फीत काय, कापलीच जाते. सूर्य काय, मावळतोच.

शेवटच्या परिच्छेदात मुख्य वाक्य घातलं आहे: ‘सूर्य बुडताना मी हिला म्हणालो, तू गेलीस तर या घराचं नुसतं बांधकाम उरेल.’ उतरलं आहे वाक्य. सौ. दर रविवारी माझा लेख तांबडी पेन्सिल हातात घेऊन वाचते. वह्या तपासून तपासून जडलेली खोड. म्हणजे रविवारी सकाळी वाक्य तिच्यापर्यंत पोहोचणार, विरामचिन्हांसह. तरी शनिवारी सूर्यास्ताला तोंडीही म्हणायचंच. संकल्प.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

बस सात तास. वाटेत हळूच विषय काढायचा, असं ठरवलं होतं. प्रस्तावना मनात तयार होती. तेवढ्यात सौ. म्हणाली, पाण्याची बाटली द्या. दिली. संवादाला सुरुवात झाली म्हणायची.

हॉटेलात डबल बेड म्हणजे दोन एकेरी पलंग शेजारी लावलेले. मध्ये वीतभर फट. मॅनेजर ओशाळून म्हणाला, सरकवले तरी परत लांब जातात, फरशीला उतार आहे. सौ.ने फटीत जादाची उशी कोंबली. व्यवहारी बाई.

शनिवार, ८ फेब्रुवारी, सकाळी ११

वाळू. सर्वत्र. लेखात मी ‘ऊर भरून आला’ असं लिहिलं आहे. अर्धा तास वाट पाहिली. काही वाटलं नाही. न्याहारी जड झाली असावी.

सौ.ला मृगजळाची व्युत्पत्ती समजावून सांगितली. म्हणाली, ही तुम्ही लग्नाआधीही सांगितली होतीत, तेव्हा जरा थोडक्यात होती.

जीपचा ड्रायव्हर आगाऊ आहे. मी बूट झटकत असताना तिला विचारत होता, ताई, साहेब नेहमीच असे गप्प असतात का हो? सौ. म्हणाली, छे, बोलतात की. दर रविवारी.

संध्याकाळी ६.५०

टेकडीवर वेळेत पोहोचलो. घसा खाकरून घेतला. पण सूर्य नारिंगी निघाला नाही. धुळीमुळे धुरकट, जुन्या पितळी झाकणासारखा. लेखात ‘नारिंगी’ आहे! वाचकांशी प्रतारणा नको. फोनला रेंज फक्त पलीकडच्या टेकडीवर, म्हणून ड्रायव्हरचा हात धरून तिथे चढलो. उपसंपादकाला (ऑफिसात त्याला सगळे ‘कात्री’ म्हणतात) सांगितलं, ‘नारिंगी’च्या जागी ‘धुरकट’ कर. म्हणाला, करतो, पण साहेब, पानावर जागेची अडचण आहे, बघतो. म्हटलं, बघ.

परत आलो तोवर सूर्य गेला होता. सौ. गुडघ्यांना मिठी घालून बसली होती. म्हणाली, सोमवारी काय कळवू? म्हटलं, उद्या सकाळी. एका रात्रीने काय होतंय?

रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळी १०

जुनं गाव. साडेआठच्या बसने वर्तमानपत्रं येतात. सौ.ने अंक घेतला, वेशीच्या पायरीवर बसली, पर्समधून पेन्सिल काढली. मी वाटाड्याबरोबर शिलालेख पाहायला सटकलो. वाचकाच्या डोक्यावर लेखकाने उभं राहू नये.

वीस मिनिटांनी आलो. अंक घडी करून मांडीवर. एकही तांबडी खूण नाही! म्हणाली, चांगला आहे, शेवट जरा अर्धवट वाटला. शाळामास्तरणीचा हाच दोष. मुलांचे निबंध वाचून वाचून शेवटी तात्पर्य लागतं. असो. स्वतःचा छापील लेख मी वाचत नाही, अहंकार वाढतो. वाक्य पोहोचलं. आता पाळी तिची.

दुपारी १

वाटाड्याने एका व्यापाऱ्याचं घर दाखवलं. तो सफरीवर गेला की बायको रोज भिंतीवर एक रेघ ओढायची म्हणे. भिंत भरली आहे. सौ.ने विचारलं, तो परत आल्यावर काय बोलला? वाटाड्या म्हणाला, त्याची कुठे नोंद नाही, बाई. सौ. रेघा मोजू लागली. मी म्हटलं, बस चुकेल.

संध्याकाळी ५, बसमध्ये

सौ.ने विचारलं, अहो, मला अजून काही सांगायचं आहे का तुम्हाला? म्हटलं, जे सांगायचं ते आज सकाळी सांगून झालं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी. नंतर खिडकीकडे वळली. सहल फत्ते.

सोमवार, १० फेब्रुवारी, सकाळी १०.५०

सौ.ने फोन करून होकार कळवला. एक मार्चला निघायचं. मी ऐकलं. धक्का वगैरे बसला नाही. प्रवासाचा शीण अजून उतरलेला नाही.

११.२०

अंक उघडला. लेख ‘आम्ही टेकडीवर जाऊन बसलो’ इथे संपतो. त्याखाली गादीची जाहिरात: दोघांसाठी एकसंध, मध्ये फट पडणार नाही. ‘नारिंगी’चं ‘धुरकट’ मात्र चोख केलं आहे.

सौ. शेजारच्या खोलीत कपाट उपसत होती. मधली भिंत चार इंची. अशा प्रसंगी दिरंगाई कामाची नाही. तडक उठलो आणि कात्रीला फोन लावला. चांगला फैलावर घेतला. म्हणाला, साहेब, खरं सांगू? परिच्छेद काढल्याने काही अडलं नाही. एकाही वाचकाचा फोन नाही.

सौ.ने दारातून डोकावून विचारलं, कोणावर ओरडताय? म्हटलं, ऑफिसचं काम.

रविवार, २ मार्च, सकाळी १०.३०

सौ. काल गेली. स्टेशनवर म्हणण्यासारखं एक वाक्य तयार होतं, पण गाडी वेळेवर सुटली.

आज पान सहावर, तळाला, शुद्धिपत्र आलं: ‘९ फेब्रुवारीच्या लेखातील पुढील वाक्य अनवधानाने राहून गेले.’ खाली वाक्य. पूर्ण. पाठपुरावा सोडला नाही म्हणून आलं.

तिच्या त्या शहरात आपला अंक जात नाही, हे आताच लक्षात आलं. कात्रण कापून पाकिटात घातलं. पत्ता तिने फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे. उद्या टाकायचं, नक्की. नुसतं कात्रण बरं दिसत नाही, सोबत चार ओळी हव्यात. त्या सुचल्या की.

सवयीने तांबडी पेन्सिल शोधली. घेऊन गेली आहे. बूट उलटा केला तर मूठभर वाळू निघाली. पुसून घेतली. काही वाटलं नाही.

मध्येच तिचा फोन येऊन गेला. गीझर बंद केलात का, विचारत होती. मग म्हणाली, आज अंकात काय आहे तुमचं?

म्हटलं, विशेष काही नाही.