उद्या फक्त कासव

प्रिय पप्पा,

जयभीम.

तुम्ही गेल्यापासून आठ महिन्यांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज शनिवारी दुपारी वारज्याच्या घराच्या गॅलरीत बसून थेट पत्रच लिहायला घेतलंय. सांची आत झोपली आहे. उद्या रविवारी तिला घेऊन मी कात्रजला प्राणी बघायला चालले आहे आणि दिवसभराचा बेत तळहाताएवढ्या कागदावर लिहून तयार आहे. चार ओळींचा! हे तुमच्याशिवाय कोणाला सांगू? मिलिंदला दाखवला, तर त्याने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

त्याचा काही दोष नाही. नवराच तो, गेल्या महिन्यातला माझा बेत त्याने पाहिलाय.

तुम्ही असताना सांचीचे रविवार तुमच्याकडे होते. तुम्ही दोघं सकाळी बसने कुठेतरी जायचात, जेवायच्या वेळेला परत यायचात, आणि मी तोवर लॅपटॉप उघडून बसलेली असायचे. तुमच्यानंतर ते रविवार ओस पडले. सांची दारातली चप्पलसुद्धा घालेना. मग मी ठरवलं, हे काम आता माझं. हिंजवडीत मी पंधरा जणांची टीम चालवते, माझ्या तारखा चुकत नाहीत अशी माझी ख्याती आहे. साडेचार वर्षांच्या मुलीचा एक रविवार मला काय जड?

तर एक्सेलमध्ये रकाने पाडले. नऊला गाडी काढायची. साडेनऊ ते अकरा प्राणी आणि साप. तिथून बुधवार पेठेत चित्रांची पुस्तकं, एक वाजता हॉटेलात जेवण, मग मॉल, मग बाग, साडेसहाला घरी. मधे वीस मिनिटं रिकामीही सोडली होती, मूल म्हटल्यावर काहीतरी होणारच म्हणून. प्रिंट काढून फ्रिजवर लावला. तुम्ही असतात तर चष्मा वर करून वाचला असतात आणि विचारलं असतंत, "सुजाता, यात पोरीनं श्वास कधी घ्यायचा?"

कात्रजला पोचलो, आत गेलो, आणि सांची कासवांच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, ती काही हलेना. कासवही हलेना! मी म्हटलं, चल, वाघ मागेच राहिला. ती म्हणाली, आज वाघाचा नंबर नाही. मला वाटलं, हट्ट चाललाय. माझे रकाने मागे पडत होते, पप्पा. मी तिला सरळ उचललं आणि कडेवर घेऊन सगळ्या प्राण्यांवरून फिरवून आणलं. हे बघ हत्ती, हे बघ अस्वल, हे बघ हरणं. वाघापाशी गर्दीत कोपर मारून पुढची जागा मिळवली आणि तिला वर उचलून धरलं. शेजारचा माणूस म्हणाला, "अहो बाई, तिला दिसत नाहीये."

मी मान वळवून पाहिलं. तिने दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकून घेतले होते.

ती रडली नाही. रडली असती तर मी समजूत तरी काढली असती. पुस्तकाच्या दुकानात तिने एकही पुस्तक हातात घेतलं नाही, जेवताना दोन घास खाल्ले आणि गाडीत मागच्या सीटवर झोपून गेली. मॉल आणि बाग आम्ही सोडूनच दिली. पुढच्या रविवारी मी विचारलं, कुठे जायचं? ती शांतपणे म्हणाली, "तुझ्याबरोबर नाही." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. ऑफिसात कोणी माझा प्लॅन नाकारला तर मी कारण विचारते, उपाय शोधते. इथे कारण विचारायचंही धाडस झालं नाही. माझी मुलगी माझ्याबरोबर घराबाहेर पडायला तयार नाही, याचा धसका घेतला होता मी. तुमच्याजवळ काय लपवायचं?

आणि कारण तर रोज माझ्या डोळ्यांसमोर लटकत होतं!

परवा तुमच्या खोलीच्या दाराआड छत्री शोधत होते. खिळ्याला सुतळीत ओवलेली ती खाकी पुठ्ठ्याच्या टॅगची माळ. कंपनीतले तुमचे तपासणीचे टॅग. ते तिथे लटकतायत हे मला ठाऊक होतं, पण मी त्यांना जुन्या नोकरीची आठवण समजत होते. काढून ठेवावी म्हणून हात लावला, तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "राहू दे ते. सांचीचं आहे." मग मी पहिल्यांदा एक टॅग उलटा करून वाचला.

प्रत्येकावर वर पेनाने काढलेलं प्राण्याचं चित्र, कारण निरीक्षकांना अजून वाचता येत नाही. खाली तुमचं ते कोरीव अक्षर. "नग: मोर. पाहणी: पिसारा मिटताना आवाज येतो. पाय कुरूप नाहीत, लोक उगाच बोलतात. ओके." आणि त्याखाली शाईचा एक इवलासा अंगठा. "नग: साप. झोपला होता. रिजेक्ट." "नग: माकड. एका जागी थांबत नाही. फेरपाहणी." त्याखाली पुन्हा अंगठा. हत्तीचे तर दोन टॅग होते, एक पुढून आणि एक मागून! मी दारातच बसकण मारली आणि हसत सुटले. कधी रडायला लागले ते कळलं नाही. आई पाणी घेऊन आली आणि शेजारी बसली.

एका रविवारी एकच प्राणी. ही तुमची जुनीच खोड, पण मी ती पार विसरून गेले होते. विसरले होते की विसरायचीच होती, देव जाणे, असं म्हणायचीही आपल्या घरात सोय नाही.

आठवतं ना? आपण दापोडीला राहायचो. महिन्यातून एकदा तुम्ही मला दोन बस बदलून पेशवे पार्कात न्यायचात, तेव्हा प्राणी तिथे होते. आदल्या दिवशी ठरायचं, उद्या कोण. मोर तर मोर. बाकीच्या पिंजऱ्यांवरून मान खाली घालून जायचं, आणि मोरासमोर तासभर बसायचं. बसून चपाती आणि बटाट्याची भाजी खायची आणि आपण काय पाहिलं ते एकमेकांना सांगायचं. मला आधी मजा वाटायची, नंतर लाज वाटायला लागली. वर्गातल्या मुली विचारायच्या, वाघ पाहिलास? मी काय सांगणार, आमच्या वाघाचा नंबर दिवाळीनंतर आहे म्हणून? तुम्ही तर वाघ मुद्दाम सगळ्यांत शेवटी ठेवलेला.

मग एका सुट्टीत मी शेजारच्या शिंदे काकांच्या मुलांबरोबर गेले आणि तासाभरात सगळे प्राणी उरकून आले. घरी येऊन तुम्हाला ठसक्यात सांगितलं, "मी वाघ बघितला." तुम्ही पेपर खाली ठेवलात आणि विचारलंत, "कसा होता?" मला काहीच सांगता येईना. पट्टे होते म्हणाले. तुम्ही मान हलवलीत आणि पेपर पुन्हा वर घेतलात. त्यानंतर आपण पेशवे पार्कात कधी गेलो नाही. मी म्हटलं नाही, तुम्ही विचारलं नाहीत. पप्पा, खरं सांगा, तुम्हाला त्या दिवशी फार लागलं होतं का? आणि लागलं होतं तर दोन शब्द रागावून का नाही बोललात?

पण तुम्ही कुठल्याच बाबतीत बोलला नाहीत. कंपनीत मोजमाप करणारं परदेशी मशीन आलं आणि तुमच्या खात्यातल्या सगळ्यांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद मिळाले, तेव्हाही नाही. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते, माझ्या डोळ्यांत सगळं नवं ते सोनं होतं. मी म्हटलं, बरं झालं, आता आराम करा. तुम्ही एवढंच म्हणालात की मशीन चांगलं आहे, चुकत नाही, पण ते नग मोजतं, नगाकडे बघत नाही. शेवटच्या दिवशी स्टोअरमधून उरलेल्या कोऱ्या टॅगचा गठ्ठा मागून घेऊन आलात. मी विचारलं होतं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, लागतील. तुम्हाला नात व्हायला तेव्हा आणखी काही वर्षं होती!

तर ती माळ. शेवटचे तीन टॅग अजून भरायचे होते. चित्रं काढलेली, अंगठा नाही. पहिल्यावर कासव, दुसऱ्यावर अस्वल, तिसऱ्यावर वाघ. सांची त्या दिवशी कासवापाशी का रुतून बसली ते मला तेव्हा कळलं. तिचा बेत माझ्याआधी ठरलेला होता, आणि तो तिला तोंडपाठ होता. हट्ट ती करत नव्हती, मी करत होते.

आणि मग वाघाचा टॅग उलटला. बाकी एकाही टॅगवर नाही अशी एक ओळ त्यावर होती. "सोबत: सुजाता."

किती वेळा म्हणाला होतात तुम्ही, एकदा ये आमच्याबरोबर. दर वेळी माझा कुठलातरी कॉल, कुठलीतरी डेडलाइन. पुढच्या रविवारी नक्की येते म्हणायचे आणि तुम्ही "बरं" म्हणून बूट घालायचात. मला वाटायचं, तुम्ही ते मनावर घेत नाही. तुम्ही तर माझ्यासाठी वाघ राखून ठेवत होतात! एवढ्या वर्षांनी, माझा राहिलेला वाघ. सांगायचं होतंत, पप्पा. एकदा तो टॅग माझ्या लॅपटॉपवर आणून ठेवला असतात तरी मी उठले असते. उठले असते ना? मला तरी तसं वाटतं.

काल संध्याकाळी ऑफिसातून लवकर आले, ती माळ काढली आणि सांचीसमोर जमिनीवर पसरली. फ्रिजवरचा कागद तिच्यादेखत फाडून टाकला. मग विचारलं, "आता कोणाचा नंबर आहे?"

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. फसवते आहे का हे तपासत असणार, शेवटी तुमच्याच हाताखाली तयार झालेली निरीक्षक ती. मग तिने कासवावर बोट ठेवलं.

"गाडीने जायचं?" तिने विचारलं.

"बसने."

"खिडकी माझी."

"तुझी."

तिने मग खरा प्रश्न विचारला. "वाटेत वाघ लागला तर?"

"तर डोळे झाकायचे."

"तू पण?"

"मी पण."

तेव्हा कुठे ती उठली आणि चप्पल आणून दारात जोडीने लावून ठेवली, दोन दिवस आधीच!

पप्पा, बेताच्या चार ओळी अशा: परतीची बस आधी बघून ठेवायची. डबा, पाणी आणि एक जादा फ्रॉक. एकच प्राणी. मूल थकायच्या आत घराकडे फिरायचं. यातली एकही माझी नाही. आईला विचारून विचारून तुमच्याच उतरवल्या आहेत. तुमची शाईची डबीही सापडली, वाळली होती, दोन थेंब पाणी घातल्यावर चालायला लागली. बटाटे उकडून ठेवलेत. फोन घरी ठेवणार आहे. टीमला सांगून टाकलंय, रविवारी सुजाता मॅडम कामात आहेत.

मोह झाला, खोटं कशाला बोलू? माझं नाव लिहिलेला टॅग हातात आल्यावर मनात आलं, उद्या सरळ वाघच बघावा. तुम्ही एवढा राखून ठेवलेला, मग उशीर कशाला? पण पुन्हा तीच चूक मी करणार नाही. एकदा घाईने बघितलेल्या वाघाचं मला काय आठवतं, ते तुम्हाला माहीत आहे. आधी कासव. मग अस्वल. वाघाचा नंबर येईल तेव्हा येईल, आणि तो आला की त्याच्यासमोर तासभर बसून चपाती-भाजी खाऊन मगच उठेन. त्या टॅगवर दोन अंगठे असतील. आणि तुम्ही विचारलंत की कसा होता, तर या वेळी मला सांगता येईल.

तोपर्यंत माझा शब्द घ्या, पप्पा. उद्या फक्त कासव. तिथे जायची वाट वाघावरूनच जाते, माहीत आहे मला. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरू, मोकळ्या हाताने डोळे झाकू, आणि तशाच पुढे जाऊ.

तुमची,
निरीक्षक सांचीची मदतनीस,
सुजाता