शिट्टीच्या आधी

सर, काल मी खेळणं थांबवलं. बारा वर्षं पगार घेऊन बास्केटबॉल खेळले, आता गुडघे म्हणतात पुरे. ही बातमी आधी तुम्हाला सांगावीशी वाटली, तर तुम्ही सात वर्षांपूर्वीच निघून गेलेले. तुमची घाई नेहमीचीच.

बिबवेवाडीतल्या आमच्या शाळेत तुम्ही गणित शिकवायचात आणि संध्याकाळी मागच्या सिमेंटच्या कोर्टवर आम्हा मुलींना खेळवायचात. तुमच्याकडे शिट्टी नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायचात, "शिट्टी कुकरला लागते. आपण काय केलं ते माणसाला कळतं." जिच्याकडून फाउल होईल तिने आपणहून हात उंचावायचा आणि खेळ तिथे थांबायचा, असा तुमचा नियम. नववीत मी एकीला कोपर मारून बॉल घेतला आणि साळसूदपणे पुढे पळाले. तुम्ही ओरडला नाहीत. जवळ बोलावून म्हणालात, "आपला हात दुखतोय वाटतं. आठवडाभर विश्रांती घ्या." तुम्ही आम्हाला अहोजाहो करायला लागलात की समजायचं, आता शिक्षा आहे. तो आठवडा मी सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या.

ती सवय इतकी मुरली, की पगारी संघाकडून खेळलेल्या पहिल्याच सामन्यात पंचांचं लक्ष नसताना माझा हात वर गेला. पंच गोंधळले, प्रशिक्षक लालबुंद झाले. पगार खेळायचा मिळतो, कबुलीजबाबाचा नाही, असं सुनावून त्यांनी मला बाकावर बसवलं. मग हळूहळू मी हात कमरेवर ठेवायला शिकले. तुम्ही एकदाच माझा सामना बघायला बालेवाडीला आलात, काकूंनी दिलेला लाडवांचा डबा घेऊन. त्या दिवशी शेवटच्या मिनिटाला मी समोरच्या मुलीची जर्सी ओढली. पंचांना दिसलं नाही, आम्ही जिंकलो. तुम्ही डबा हातात दिलात, "बेसन जरा जास्त भाजलंय," एवढंच म्हणालात आणि बस पकडायला निघालात. तुम्हाला ते दिसलं होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं. लाडू मात्र मी सगळे खाल्ले. तेव्हापासून मनाशी ठरवलं होतं, की खेळणं सोडायच्या आधी एकदा तरी, सामना पणाला लागलेला असताना, आपणहून हात उंचावायचा.

काल तो क्षण आला. शेवटचे काही सेकंद उरलेत, आम्ही एका गुणाने पुढे आहोत, आणि बॉल टाकायला उडी मारलेल्या मुलीच्या मनगटावर माझा फटका बसतो. मी हात उंचावला. तिला दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही आत गेले, आम्ही हरलो. आमच्या मुली आधी चिडल्या, मग त्यांनी हसतहसत मला खांद्यावर घेतलं. ती समोरची मुलगी येऊन चक्क वाकून पाया पडली. म्हणाली, "ताई, शिट्टी वाजायच्या आधीच तुमचा हात वर होता. मी असं कुणाला करताना पाहिलं नाहीये." मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं, आणि सांगताना फार बरं वाटलं. घरी येईपर्यंत मी गाणं गुणगुणत होते.

काकू आता कोथरूडला मुलीकडे असतात. हे पत्र तिथे पाठवलं तर त्या ते कौतुकाने शेजारणींना वाचून दाखवतील, आणि पुढचं वाक्य तुमच्याशिवाय कुणी वाचावं अशी माझी इच्छा नाही. सर, मी हात उंचावला तेव्हा शिट्टी तोंडात धरलेल्या पंचांचे गाल फुगायला लागले होते, आणि ते मला दिसलं होतं.